बॉयलरमधील ज्वलन नियंत्रण

बॉयलरमधील ज्वलन नियंत्रण म्हणजे बॉयलरच्या भट्टीत जाणारे इंधन आणि हवा यांचे परस्पर प्रमाण, वाफेची मागणी बदलत असतानाही, योग्य मर्यादेत राखण्याची व्यवस्था होय. मराठी परिभाषेत बॉयलरला बाष्पित्र किंवा बाष्पक असे म्हणतात. कारखान्यांतून मात्र बॉयलर हाच शब्द रूढ आहे. तेल व वायू जाळणाऱ्या बॉयलरमध्ये हे नियंत्रण बर्नरवर, तर कोळसा, बगॅस, लाकूड यांसारखी घन इंधने जाळणाऱ्या बॉयलरमध्ये ते इंधन पुरवणारी यंत्रणा आणि हवेचे पंखे यांवर केले जाते. कमी इंधनात तेवढीच वाफ मिळवणे, धूर व प्रदूषण कमी करणे आणि भट्टीतील स्फोट टाळणे ही त्याची तीन उद्दिष्टे आहेत. ही उद्दिष्टे नेहमीच एका दिशेने जात नाहीत. हवा कमी केली की इंधन वाचते, परंतु ती प्रमाणाबाहेर कमी झाली तर अर्धवट जळालेले वायू साठून धोका निर्माण होतो. आधुनिक नियंत्रण प्रणालीचे महत्त्व या दोन टोकांमधील अरुंद पट्ट्यात बॉयलर सुरक्षितपणे चालवता येतो यात आहे.

ज्वलनाचे तत्त्व

इंधनातील कार्बन, हायड्रोजन आणि गंधक यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता बाहेर पडते. इंधनातील सर्व ज्वलनशील घटक पूर्णपणे जळण्यासाठी रसायनशास्त्राच्या हिशेबाने जेवढी हवा लागते, तिला सैद्धांतिक हवा म्हणतात. एक किलो फर्नेस ऑईल जाळण्यासाठी सुमारे १४ किलो हवा लागते. म्हणजे बॉयलरच्या भट्टीत वजनाने इंधनाच्या चौदा पट हवा जात असते. इंधनाचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. हवा फुकट मिळत असल्याने तिच्या हिशेबाकडे सहसा दुर्लक्ष होते.

प्रत्यक्षात सैद्धांतिक प्रमाणाएवढीच हवा देऊन भागत नाही. भट्टीत इंधनाच्या प्रत्येक कणाची ऑक्सिजनशी गाठ पडेलच असे नसते. म्हणून थोडी अधिक हवा द्यावी लागते. तिला अतिरिक्त हवा म्हणतात. ती किती द्यावी, हे इंधनाच्या स्वरूपावर अवलंबून असते. वायू हवेत सहज मिसळतो, तेलाचे आधी सूक्ष्म तुषार करावे लागतात, आणि घन इंधनाचे तुकडे बाहेरून आत असे हळूहळू जळतात.

| इंधन | नेहमीची अतिरिक्त हवा (टक्के) | धूम्रवायूतील ऑक्सिजन (टक्के, सुमारे) |
|---|---|---|
| नैसर्गिक वायू | ५ ते १० | १ ते २ |
| फर्नेस ऑईल | १० ते २० | २ ते ३.५ |
| दळलेला कोळसा | १५ ते २० | ३ ते ३.५ |
| बगॅस | २५ ते ३५ | ४ ते ५.५ |
| जाळीवर जळणारा कोळसा | ३० ते ५० | ५ ते ७ |

चिमणीकडे जाणाऱ्या धूम्रवायूत शिल्लक राहिलेला ऑक्सिजन मोजला की अतिरिक्त हवेचे प्रमाण काढता येते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. धूम्रवायूतील ऑक्सिजनच्या टक्केवारीस, ती २१ मधून वजा करून येणाऱ्या संख्येने भागून १०० ने गुणले असता अतिरिक्त हवेची टक्केवारी मिळते. ऑक्सिजन ३ टक्के असेल तर अतिरिक्त हवा सुमारे १७ टक्के, आणि ८ टक्के असेल तर ती सुमारे ६२ टक्के असते.

उष्णतेचे व्यय

इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी जो भाग वाफेत उतरतो, त्याच्या टक्केवारीस बॉयलरची कार्यक्षमता म्हणतात. उरलेली उष्णता पुढील मार्गांनी वाया जाते.

कोरड्या धूम्रवायूतील उष्णता: बॉयलरमध्ये तापलेले वायू चिमणीतून बाहेर पडताना आपली उष्णता सोबत नेतात. वायूंचे वजन आणि त्यांचे तापमान यांवर हा व्यय अवलंबून असतो. अनावश्यक हवा भट्टीत थंड शिरते आणि तापून बाहेर पडते. तिला तापवण्याचा खर्च इंधनाला सोसावा लागतो. बहुतेक बॉयलरमध्ये हा मोठा आणि नियंत्रणाने कमी करता येण्याजोगा व्यय आहे.

इंधनातील हायड्रोजन व ओलावा: हायड्रोजन जळून पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपाने निघून जाते. फर्नेस ऑईलमध्ये हा व्यय सुमारे ७ टक्के असतो. साखर कारखान्यातील बगॅसमध्ये निम्म्याच्या आसपास पाणी असल्याने तेथे ओलाव्याचा व्यय फार मोठा असतो. हवेच्या नियंत्रणाने हा व्यय फारसा बदलत नाही.

अपूर्ण ज्वलन: एक किलो कार्बन पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड झाला तर सुमारे ८,०८४ किलोकॅलरी उष्णता मिळते. हवा अपुरी पडून त्याचा कार्बन मोनॉक्साइड झाला तर केवळ २,४३० किलोकॅलरी मिळते. म्हणजे दोन तृतीयांशाहून अधिक उष्णता न मिळताच कार्बन चिमणीबाहेर जातो. कार्बन मोनॉक्साइड रंगहीन असल्याने केवळ धूर पाहून हा व्यय ओळखता येत नाही.

न जळालेले घन इंधन: कोळशाच्या राखेत राहिलेला कार्बन हा घन इंधनाच्या बॉयलरमधील स्वतंत्र व्यय आहे.

इतर व्यय: बॉयलरच्या बाह्य पृष्ठभागातून निघणारी उष्णता, तसेच क्षार काढून टाकण्यासाठी सोडलेल्या पाण्यातून, म्हणजे ब्लोडाऊनमधून, जाणारी उष्णता.

अतिरिक्त हवा कमी करत गेल्यास धूम्रवायूचा व्यय कमी होतो. परंतु एका मर्यादेनंतर अपूर्ण ज्वलनाचा व्यय एकदम वाढू लागतो. या दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी असते तेथे बॉयलर चालवणे हे ज्वलन नियंत्रणाचे ध्येय असते.

कार्यक्षमतेचे मापन

कार्यक्षमता दोन प्रकारे मोजतात. प्रत्यक्ष पद्धतीत ठरावीक काळात तयार झालेल्या वाफेतील उष्णतेस त्याच काळात जळालेल्या इंधनातील उष्णतेने भागतात. ही पद्धत सोपी आहे. मात्र उष्णता कोठे वाया जाते ते तिच्यावरून कळत नाही. अप्रत्यक्ष पद्धतीत वर दिलेले व्यय एकेक करून काढतात आणि त्यांची बेरीज १०० मधून वजा करतात. भारतात यासाठी आयएस ८७५३ हे मानक वापरले जाते. भारतातील हिशेब सामान्यतः इंधनाच्या स्थूल उष्मांकावर केला जातो, तर युरोपात तो अनेकदा निव्वळ उष्मांकावर करतात. निव्वळ उष्मांकावर काढलेली कार्यक्षमता मोठी दिसते. त्यामुळे दोन बॉयलरची तुलना करताना दोहोंचा आधार एकच आहे ना, हे पाहावे लागते.

एक उदाहरण

ताशी ३ टन वाफ तयार करणारा फर्नेस ऑईलवरील एक बॉयलर उदाहरणादाखल घेता येईल. इंधनाचा उष्मांक किलोमागे १०,३०० किलोकॅलरी, चिमणीतील वायूंचे तापमान २२० अंश सेल्सिअस आणि बाहेरच्या हवेचे ३० अंश आहे असे मानू.

धूम्रवायूत ऑक्सिजन ८ टक्के असेल तर एक किलो तेलामागे सुमारे २३.६ किलो वायू चिमणीतून जातात. त्यांची विशिष्ट उष्णता ०.२४ धरल्यास धूम्रवायूचा व्यय सुमारे १०.४ टक्के येतो. हायड्रोजनचा ७ टक्के व इतर १.६ टक्के व्यय धरल्यास कार्यक्षमता ८१ टक्के होते. हाच ऑक्सिजन ३ टक्क्यांवर आणल्यास वायूंचे वजन सुमारे १७.३ किलो होते, धूम्रवायूचा व्यय सुमारे ७.७ टक्क्यांवर येतो आणि कार्यक्षमता जवळजवळ ८३.८ टक्के होते.

कार्यक्षमतेतील हा फरक २.८ टक्क्यांचा दिसला, तरी इंधनात त्यामुळे सुमारे ३.३ टक्के बचत होते. बॉयलरला ताशी सुमारे २१७ किलो तेल लागत असेल, तर ताशी सुमारे ७ किलो तेल वाचते. दिवसाला १६ तास आणि वर्षाला ३०० दिवस बॉयलर पूर्ण भाराने चालल्यास ही बचत वर्षाला सुमारे ३४ टन होते. त्यामुळे १०० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्याचे टळते. यासाठी बॉयलर बदलावा लागत नाही. बदलते ते केवळ हवेचे प्रमाण.

नियंत्रण प्रणालींचा विकास

हाताने नियंत्रण: आरंभीच्या काळात भट्टीच्या झरोक्यातून ज्योतीचा रंग आणि चिमणीतून निघणारा धूर पाहून फायरमन हवेचे डॅम्पर कमीजास्त करीत असे. काळा धूर म्हणजे हवा अपुरी, हे अनुभवाने कळते. हवा जास्त झाली तर मात्र चिमणी स्वच्छ दिसते. त्यामुळे स्वच्छ चिमणी म्हणजे उत्तम ज्वलन असा समज रूढ झाला. वास्तविक स्वच्छ चिमणीतून इंधनाचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जात असू शकतो. ऑर्सॅट उपकरणाने धूम्रवायूंचे पृथक्करण करण्याची सोय झाल्यावर हा व्यय अंकांत मांडता येऊ लागला.

चालू-बंद नियंत्रण: लहान बॉयलरमध्ये वाफेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोहोचताच बर्नर बंद होतो आणि दाब उतरताच पुन्हा पेटतो. प्रत्येक वेळी पेटवण्यापूर्वी भट्टीत थंड हवा खेळवावी लागते. ही हवा तापलेल्या भट्टीतील उष्णता घेऊन जाते. वारंवार पेटणाऱ्या बर्नरमध्ये हा तोटा लक्षणीय ठरतो. कमी भारावरही न विझता चालू शकणारा बर्नर त्यामुळे अधिक किफायतशीर ठरतो.

यांत्रिक जोडणी: या पद्धतीत एकाच दांड्याला, म्हणजे जॅकशाफ्टला, इंधनाचा व्हॉल्व्ह आणि हवेचा डॅम्पर हे दोन्ही जोडलेले असतात. एकच मोटर हा दांडा फिरवते. रचना साधी व टिकाऊ असते. परंतु सांधे झिजतात, खिळखिळे होतात आणि मूळ प्रमाण बिघडते. इंधनाचा उष्मांक, हवेचे तापमान किंवा तेलाचा दाटपणा बदलला तर या जोडणीला त्याची दखल घेता येत नाही. म्हणून दुरुस्ती करणारा कारागीर सर्वांत प्रतिकूल परिस्थितीतही धूर होऊ नये अशा बेताने हवा मुद्दाम जास्त ठेवतो.

समांतर नियंत्रण: येथे इंधन आणि हवा यांसाठी स्वतंत्र सर्व्होमोटर असतात. सूक्ष्म संगणक प्रत्येक भारासाठी नोंदवलेल्या बिंदूंनुसार दोहोंची स्थिती ठरवतो. कमी, मध्यम व पूर्ण अशा प्रत्येक भाराला हवेचे योग्य प्रमाण वेगवेगळे साधता येते.

परस्पर-मर्यादा नियंत्रण: मोठ्या बॉयलरमध्ये इंधन व हवा यांचे प्रवाह प्रत्यक्ष मोजले जातात. मागणी वाढली की आधी हवा वाढते व मग इंधन; मागणी घटली की आधी इंधन कमी होते व मग हवा. त्यामुळे बदलाच्या क्षणीही भट्टीत हवा अपुरी पडत नाही.

ऑक्सिजन ट्रिम: चिमणीकडे जाणाऱ्या मार्गात झिर्कोनिया या चिनी मातीसारख्या पदार्थाचा संवेदक बसवतात. तापलेल्या झिर्कोनियाच्या दोन बाजूंना ऑक्सिजनचे प्रमाण भिन्न असल्यास त्यात विद्युतदाब निर्माण होतो. त्यावरून धूम्रवायूतील ऑक्सिजन काही सेकंदांत कळतो, आणि नियंत्रक हवेचे प्रमाण किंचित सुधारतो. काही प्रणालींत कार्बन मोनॉक्साइडही मोजतात, कारण हवा अपुरी पडू लागल्याची ती थेट खूण असते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अशा प्रणालींकडे जगभर लक्ष वळले. भारतात १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली आणि औद्योगिक बॉयलरमधील तेलबचत हा तिच्या कामाचा एक भाग झाला.

पंख्यांची गती बदलणे: डॅम्परने हवा अडवण्याऐवजी पंख्याची गतीच कमी केल्यास विजेची बचत होते. पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती ८० टक्क्यांवर आणल्यास लागणारी शक्ती तत्त्वतः जवळजवळ निम्मी होते.

हवामानाचा परिणाम

पंखा हवा आकारमानाने देतो. ज्वलनाला मात्र ऑक्सिजन वजनाने लागतो. हवा तापली की विरळ होते. त्यामुळे यांत्रिक जोडणी असलेल्या बर्नरवर ऋतुमानाचा परिणाम होतो. जेथे हिवाळा व उन्हाळा यांतील अंतर मोठे असते तेथे तो ठळकपणे जाणवतो. खानदेश हा असाच प्रदेश आहे. जळगाव, भुसावळ, भडगाव या तापी-गिरणा खोऱ्यातील गावांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर हिवाळ्यातील पहाटे तो १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो.

हवेचे तापमान १२ अंशांवरून ४५ अंशांवर गेल्यास तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते. डिसेंबरमधील पहाटे धूम्रवायूत ३ टक्के ऑक्सिजन राहील अशी बर्नरची जुळणी केली, तर मे महिन्याच्या दुपारी तीच जुळणी केवळ १ टक्क्याच्या आसपास ऑक्सिजन ठेवते. तेलाच्या बर्नरमध्ये अशा वेळी काजळी व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होण्याचा धोका असतो. उलटपक्षी जुळणी मे महिन्यात केली, तर हिवाळ्यातील पहाटे ऑक्सिजन ५ टक्क्यांजवळ पोहोचतो आणि इंधन वाया जाते. ऑक्सिजन ट्रिम ही तफावत आपोआप भरून काढते. ज्या कारखान्यांना अशी प्रणाली परवडत नाही, तेथे उन्हाळा व हिवाळा यांच्या आरंभी, म्हणजे वर्षातून किमान दोनदा, धूम्रवायूंची तपासणी करून बर्नरची जुळणी करणे हा कमी खर्चाचा पर्याय आहे.

घन इंधनाचे बॉयलर

खानदेशात घन इंधनाला महत्त्व आहे. चाळीसगाव तालुक्यातील भोरस येथील बेलगंगा आणि फैजपूर येथील मधुकर या साखर कारखान्यांच्या उभारणीमुळे बगॅसवर चालणारे बॉयलर या भागाच्या परिचयाचे झाले. भडगाव, पाचोरा, एरंडोल, चाळीसगाव हे कापूस पिकवणारे तालुके असल्याने वेचणीनंतर पऱ्हाटी मोठ्या प्रमाणावर उरते. तिचा भुगा करून दाबून तयार केलेल्या विटकांना, म्हणजे ब्रिकेटना, बॉयलरचे इंधन म्हणून वापरता येते.

घन इंधनाचा पुरवठा व्हॉल्व्हसारखा क्षणात बदलता येत नाही. जाळीवर आधीच पडलेले इंधन जळत राहते. म्हणून अशा बॉयलरमध्ये नियंत्रणाचा भर पुढील गोष्टींवर असतो.

- इंधन भरण्याची गती वाफेच्या दाबाशी जोडणे. हाताने दार उघडून एकदम पुष्कळ इंधन टाकल्यास दार उघडे असेपर्यंत थंड हवा आत शिरते आणि त्यानंतर काही काळ धूर होतो. थोडे-थोडे व वारंवार इंधन देणे हितावह असते.
- जाळीखालून येणारी प्राथमिक हवा आणि जाळीच्या वरून दिली जाणारी दुय्यम हवा यांची वाटणी. पऱ्हाटी, लाकूड व बगॅस यांतील बराच भाग तापताच वायुरूप होऊन जाळीच्या वर जळतो. त्याला वरून हवा मिळावी लागते.
- भट्टीतील दाब बाहेरच्या दाबापेक्षा किंचित कमी राखणे. हवा आत ढकलणारा एफडी फॅन आणि धूम्रवायू ओढून घेणारा आयडी फॅन यांच्यात मेळ घालून हे साधतात. आयडी फॅनची ओढ जास्त झाली तर दारांच्या व विटांच्या फटींतून हवा आत शिरते.
- इंधनाचा ओलावा कमी राखणे. पावसात भिजलेले इंधन जाळताना कोणतीही नियंत्रण प्रणाली ओलाव्याचा व्यय भरून काढू शकत नाही. इंधनावर छप्पर असणे हाही इंधनबचतीचाच उपाय आहे.

भुसावळ औष्णिक विद्युत केंद्र

खानदेशातील सर्वांत मोठे बॉयलर भुसावळजवळ दीपनगर येथील औष्णिक विद्युत केंद्रात आहेत. हे केंद्र महाराष्ट्र राज्य वीज निर्मिती कंपनीचे, म्हणजे महानिर्मितीचे आहे. येथे २१० मेगावॅटच्या जुन्या संचांनंतर प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन संच आणि पुढे ६६० मेगावॅटचा सुपरक्रिटिकल संच उभारण्यात आला.

अशा केंद्रांत कोळसा पिठासारखा दळून हवेच्या झोताबरोबर बर्नरमधून भट्टीत सोडला जातो. भट्टी पेटवताना आणि भार फार कमी असताना ज्योत स्थिर राखण्यासाठी तेल वापरतात. तेल कोळशापेक्षा महाग असल्याने त्याचा वापर किती कमी ठेवता आला, हा अशा केंद्राच्या कारभाराचा एक निकष मानला जातो.

येथे लहानशा सुधारणेचाही परिणाम मोठा असतो. एक युनिट वीज निर्माण करण्यासाठी २,४०० किलोकॅलरी उष्णता आणि कोळशाचा उष्मांक किलोमागे ३,६०० किलोकॅलरी धरल्यास ५०० मेगावॅटच्या संचाला पूर्ण भारावर ताशी सुमारे ३३० टन कोळसा लागतो. त्यात एक टक्का बचत झाली तरी ताशी ३ टनांहून अधिक कोळसा वाचतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण जास्त असल्याने तेवढ्या कोळशाबरोबर येणारी राखही टळते. कोळशाची प्रत गाडीगणिक बदलत असल्याने येथे ऑक्सिजनचे सतत मापन अपरिहार्य असते. सौर व पवन विजेचे प्रमाण वाढल्यामुळे औष्णिक संचांना दिवसातून अनेकदा भार कमीजास्त करावा लागतो. कमी भारावर ज्योत स्थिर राखून कार्यक्षमता टिकवणे हे ज्वलन नियंत्रणापुढील एक मोठे आव्हान आहे.

सुरक्षितता

बॉयलरचे दोन प्रकारचे स्फोट होऊ शकतात. पहिला पाण्याच्या व वाफेच्या दाबामुळे होतो. पाण्याची पातळी खाली जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण असते. दुसरा भट्टीच्या बाजूचा असतो. ज्योत विझल्यावर इंधन येत राहिले किंवा हवा अपुरी पडून ज्वलनशील वायू साठले, आणि त्यांना ठिणगी मिळाली, तर भट्टी फुटते. बर्नरवरील संरक्षक प्रणाली हा दुसरा धोका टाळण्यासाठी असते. तिचे काम ठरलेल्या क्रमाने चालते.

१. पेटवण्यापूर्वी पंखा चालवून भट्टीतील साठलेले वायू ठरावीक वेळ बाहेर काढणे.
२. हवेचा व इंधनाचा दाब आणि पाण्याची पातळी योग्य असल्याची खात्री करणे.
३. ठिणगी देऊन आधी लहान ज्योत पेटवणे व ती लागल्याचे अतिनील किंवा अवरक्त किरण ओळखणाऱ्या संवेदकाने पडताळणे.
४. मगच मुख्य इंधन सोडणे, आणि ज्योत विझताच काही सेकंदांत इंधनाचे व्हॉल्व्ह बंद करणे.

विझलेला बर्नर पुन्हा पेटवण्यापूर्वी तो का विझला हे पाहणे व पुन्हा पूर्ण वेळ हवा खेळवणे आवश्यक असते. काम अडते म्हणून संवेदक निकामी करून बॉयलर चालवणे ही अत्यंत धोकादायक सवय होय. इंधन वाचवणारी प्रणाली बॉयलरला हवेच्या किमान मर्यादेजवळ नेत असल्याने तिच्याबरोबर संरक्षक प्रणाली सुस्थितीत असणे बंधनकारक ठरते.

कायदा व प्रशासन

भारतात बॉयलरविषयक कायद्याची सुरुवात अपघातातून झाली. १८६३ मध्ये कोलकात्यात बॉयलरचा स्फोट होऊन जीवितहानी झाली आणि १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे संपूर्ण देशासाठी बॉयलर अधिनियम, १९२३ आणि त्याखाली भारतीय बॉयलर विनियम, १९५० अस्तित्वात आले. १९२३ च्या अधिनियमाची जागा आता बॉयलर अधिनियम, २०२५ ने घेतली आहे. महाराष्ट्रात बॉयलरची नोंदणी व तपासणी राज्य शासनाच्या बाष्पके संचालनालयाकडे असून, बॉयलर चालवणाऱ्या अटेंडंटला परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते.

या कायद्यांचा मुख्य हेतू सुरक्षितता हा आहे. इंधनबचतीचा विषय ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ खाली येतो. त्या अधिनियमानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. महाराष्ट्रात या क्षेत्रात महाऊर्जा ही संस्था काम करते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी उत्सर्जनाच्या मर्यादा कडक केल्या. त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे कमी निर्माण करणारे बर्नर आणि हवेची टप्प्याटप्प्याने केलेली वाटणी यांना महत्त्व आले. अतिरिक्त हवा मर्यादित ठेवल्याने ही ऑक्साइडेही सामान्यतः कमी होतात.

मर्यादा

ज्वलन नियंत्रण हा इंधनबचतीचा एकमेव मार्ग नाही, आणि प्रत्येक ठिकाणी तो पहिला मार्गही नसतो. ज्या बॉयलरची यांत्रिक जुळणी नीट राखलेली आहे, तेथे ऑक्सिजन ट्रिम बसवून मिळणारी बचत सहसा १ ते २ टक्क्यांच्या पुढे जात नाही. जुळणी बिघडलेली असेल तर ती अधिक असते. वाफ वापरल्यावर तयार होणारे गरम पाणी, म्हणजे कंडेन्सेट, बॉयलरकडे परत आणणे हा पुष्कळदा अधिक फायद्याचा उपाय ठरतो. बॉयलरला जाणारे पाणी ६ अंशांनी अधिक गरम असल्यास इंधनात सुमारे १ टक्का बचत होते, असा स्थूल नियम आहे. चिमणीतील वायूंचे तापमान सुमारे २२ अंशांनी कमी केल्यास कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने वाढते. मात्र इंधनात गंधक असल्यास हे तापमान फार उतरवता येत नाही. आम्ल तयार होऊन चिमणी व नळ्या गंजतात.

कठीण पाण्यामुळे नळ्यांवर बसणारा क्षारांचा थर आणि धूम्रवायूच्या बाजूला बसणारी काजळी हे दोन्ही उष्णतेचा मार्ग अडवतात. चिमणीचे तापमान दिवसेंदिवस वाढत असल्यास बर्नरच्या आधी नळ्यांची स्थिती तपासावी लागते.

संवेदकांनाही मर्यादा आहेत. चिमणीच्या मार्गात फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि संवेदक भट्टीत नसलेला ऑक्सिजन दाखवतो. नियंत्रक त्यावर विसंबून हवा कमी करतो आणि भट्टीत ज्वलन अपुरे होते. म्हणून संवेदक भट्टीच्या शक्य तितक्या जवळ बसवतात, फटी बुजवतात आणि प्रमाणित वायू वापरून संवेदकाची वेळोवेळी पडताळणी करतात. कार्बन मोनॉक्साइडचे मापन जोडीला असल्यास ही चूक लवकर ध्यानात येते.

प्रणाली बसवल्यानंतरही बॉयलर अटेंडंटचे महत्त्व कमी होत नाही. इंधन, वाफ, चिमणीचे तापमान आणि ऑक्सिजन यांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या तरच बचत टिकते. एक किलो इंधनामागे किती किलो वाफ मिळाली, हे गुणोत्तर रोज काढल्यास बिघाड महागात पडण्यापूर्वी लक्षात येतो. मात्र दोन दिवसांची तुलना करताना इंधनाची प्रत व बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान सारखे असावे लागते. अशी नोंदवही ठेवायला कोणत्याही खर्चिक यंत्रणेची आवश्यकता नसते.

हे सुद्धा पहा

- बाष्पित्र
- औष्णिक विद्युत केंद्र
- ऊर्जा लेखापरीक्षण
- भुसावळ औष्णिक विद्युत केंद्र
- जळगाव जिल्हा